दोन ते आठ

तपकीर गल्लीतलं चौथं दुकान.
स्टूल एकच, म्हणून आळीपाळीनं बसतोय.
प्रल्हादच्या हातात मोजपट्टी, माझ्या पर्समध्ये
वाणसामानाच्या यादीमागे काढलेला ट्रकचा आराखडा:
खाट, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी,
आणि कोपऱ्यात एक चौकोन,
त्यात नुसतंच लिहिलंय, थंड.

हा ट्रक पूर्वी गुलटेकडीला कांदे आणायचा.
रशीद मिस्त्रींनी तीनदा धुऊन दिला,
तरी ऊन चढलं की
त्याला जुने दिवस आठवतात.

ललितभाई आधी स्वस्तातला दाखवतात.
गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, नुसता पंखा.
"बाहेरच्यापेक्षा वीस अंश कमी, ताई."
आणि बाहेर चाळीस असेल तर?
ललितभाई कॅल्क्युलेटर उचलतात आणि
परत ठेवतात.

दुसरा सिलिंडरवर चालतो, अगदी मुका.
फक्त सपाट जागा हवी त्याला,
तिरका झाला की रुसतो.
मी म्हटलं, सपाटच राहायचं असतं
तर धायरीचा फ्लॅट काय वाईट होता?

प्रल्हाद छत्तीस वर्षं भोसरीत
फोर्जच्या भट्टीसमोर उभा होता.
त्याला थंड म्हणजे थंड.
माठाचं पाणीही थंड, डिसेंबरही थंड.
माझं तसं नाही.
माझी थंडी दोन अंशांना सुरू होते
आणि आठला संपते.
वेल्ह्याकडे शेवटच्या थांब्यावर एसटी सोडून
खांद्याला लशीची पेटी, आत चार आइसपॅक,
मधोमध कुप्या, आणि पुढे दोन तासांची चढण.
सुई टोचली की मूल रडायचं,
आई हसायची, चहाचं विचारायची,
आणि पेटीत किती बर्फ उरलाय
ते मला एकटीलाच ठाऊक असायचं.

तर, दाराचा नको. वरून उघडणारा द्या.
थंडी जड असते, ललितभाई,
दार उघडलं की पायांवर सांडते.
आमच्या केंद्रातला वरूनच उघडायचा,
दिवे गेले तरी झाकण न उघडता
रात्र काढायचा बिचारा.

ते माझ्याकडे पाहतात. मग आतून
तिसरा बाहेर काढतात, बारा व्होल्टचा.
पंचवीस, चाळीस, साठ लिटर.
"किती दिवसांसाठी हवाय?"
हा प्रश्न आम्ही एकमेकांनाही
अजून विचारलेला नाही.
प्रल्हाद साठवर हात ठेवतो.
मी म्हणते, परत यायचं नाही का?
तो हात काढत नाही.
किंमत ऐकल्यावर मात्र
मोजपट्टी सर्रकन आत जाते.

चाळीस घेतला.

आज रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये
ट्रकातच झोपलो, चाचणी म्हणून.
वॉचमन दोनदा टॉर्च मारून गेला.
दुसऱ्यांदा म्हणाला, काकू, वर सगळं ठीक ना?
फ्रिजात वाटीभर दूध, अर्धं लिंबू,
आणि माझा जुना थर्मामीटर,
निवृत्तीच्या दिवशी जमा करायचा राहून गेलेला.
(राहून गेलेला, असंच म्हणू.)
कॉम्प्रेसर थोडा घरघरतो, थांबतो,
पुन्हा लागतो.
प्रल्हादचंही तेच.

साडेपाचला झाकण उघडलं. चार.
हातांना सवय, म्हणून वहीत रेघा ओढल्या:
तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही.
सकाळसमोर चार लिहिला, सही केली.
मग एक रकाना जास्तीचा ओढला,
केंद्रात तो कधी लागलाच नव्हता.
वर लिहिलं, ठिकाण.
पहिल्या ओळीत धायरी.
खालच्या ओळीवर पेन थोडा वेळ टेकवून ठेवला,
शाईचा ठिपका झाला.
प्रल्हाद उठून बसला, विचारलं,
किती?